दचकण्याच्या जागा

२ मार्च, सोमवार

आज पुन्हा तेच! गल्लीतून एक स्कूटर अशी काही समोर आली की काळजात धस्सच झालं. आली कसली, उगवलीच. आत्ता रस्ता मोकळा होता आणि आत्ता माझ्या डाव्या दिव्यासमोर हेल्मेट. ब्रेक असा मारला की मागच्या सीटवर आडवे झालेले मास्तर पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळले. वर तो स्कूटरवाला मलाच ओरडतो, "मावशी, झोपलाय का?" काच खाली करून मीही त्याला असं सुनावलं की आठवडाभर तरी त्या गल्लीतून निघताना आठवण काढेल. इतकी वर्षं गाडी चालवतेय, एक ओरखडा नाही कुठे, आणि ही कालची पोरं मला विचारणार!

पण मागे वळून मास्तरांना पाहिलं. ते डावा हात छातीशी धरून बसले होते. गणिताचे मास्तर, निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली, एकटेच राहतात. मूत्रपिंडं निकामी झालीत, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. रुग्णांची ने-आण करणाऱ्या एजन्सीला मी माझी गाडी लावली आहे, तेव्हापासून त्यांना मीच नेते-आणते. त्यांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून शीर जोडली आहे. तिच्यात सुया खुपसून रक्त यंत्रात नेतात आणि धुऊन परत आणतात. त्या हाताला घड्याळ चालत नाही, पिशवी चालत नाही, धक्का तर मुळीच चालत नाही. शीर बंद पडली की संपलं. अगदी सुरुवातीला त्यांनी माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं होतं. आत सारखं गुरगुरत होतं. मी घाबरून हात मागे घेतला तर म्हणाले, "मांजर पाळलंय, सारथीबाई. हे गुरगुरतंय तोवर मी आहे."

आज मांजर गुरगुरत होतं. स्वतः बोट लावून खात्री केली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

हल्ली रस्ते फार वाईट झालेत. कडेला वाटेल तशा गाड्या लावतात, गल्लीतून काय येतंय ते कळतच नाही. यावर काहीतरी केलं पाहिजे.

३ मार्च, मंगळवार

केलं. गाडीत जीपीएसचं यंत्र आहे, लेकीने घेऊन दिलेलं. मी त्याला टिंगी म्हणते, कारण वळण आलं की 'टिंग' करतं. गेला महिनाभर मी एक युक्ती करतेय. जिथे दचकले, तिथेच गाडी कडेला घ्यायची आणि टिंगीवर ती जागा साठवायची. नावही तिथेच द्यायचं. 'फळवाल्याची गाडी', 'शाळेचं फाटक', 'हिरव्या दाराची गल्ली', 'मेला खांब'. पण नुसत्या साठवलेल्या जागांवर टिंगी ओरडत नाही ना! ओरडायला हवी असेल तर त्या जागांची वेगळी फाइल करायची, लॅपटॉपवरून आत भरायची आणि किती आधी वाजायचं ते सांगायचं. मग ते आपले स्वतःचे पॉइंट होतात.

जावईबापू कॉम्प्युटरमधले. संध्याकाळी लेकीला घेऊन आले आणि तासाभरात काम करून दिलं. गुणी माणूस. नकाशा बघता बघता मात्र मला विचारलं, "आई, या सगळ्या जागी दचकलात तुम्ही? महिनाभरात?"

"रस्तेच तसे आहेत," मी म्हटलं.

लेक माझ्याकडे बघत राहिली. फाइलला नाव काय देऊ, असं जावईबापूंनी विचारलं. म्हटलं, द्या 'दचके'!

४ मार्च, बुधवार

टिंगीने जाता-येता एकदा तोंड उघडलं असेल तर शपथ. फळवाला आला, गेला. शाळा आली, गेली. मेला खांबही गेला. मुकाट!

डायलिसिसला चार तास लागतात, तेवढा वेळ गाडीत बसून यंत्राच्या खनपटीलाच बसले. नकाशा बोटाने ढकलत, ढकलत, ढकलत गेले आणि अगं बाई गं! माझे सगळे पॉइंट भर समुद्रात! जमिनीचा पत्ता नाही आणि निळ्याशार पाण्यात ओळीने फळवाला, शाळा, खांब, हिरव्या दाराची गल्ली. मला आधी धक्काच बसला, मग एकटीच इतकी हसले की शेजारच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर बघायला आला.

जावईबापूंना फोन लावला. बिचारे ओशाळले. "आई, चूक माझी. या यंत्राला आधी रेखांश द्यावा लागतो, मग अक्षांश. मी उलटं लिहिलं."

मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "माझ्या वर्गातली निम्मी पोरं हेच करायची. त्यांच्या खुणा निदान वहीच्या बाहेर जात नसत."

६ मार्च, शुक्रवार

वाजली! फळवाल्याच्या आधी 'टिंग', शाळेच्या आधी 'टिंग'. वाजली की मी पाय ब्रेकवर नेते आणि मान वळवून डावीकडे बघून घेते. आज एकदाही दचकले नाही. असा दिवस किती दिवसांनी आला! आनंदाने गाडीतच गाणं म्हणावंसं वाटलं.

मास्तर मागून म्हणाले, "ही घंटा कसली?"

मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. ते नेहमी लगेच काहीतरी चेष्टा करतात. आज एकेक जागा पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "सगळ्या जागा डाव्या अंगाच्याच दिसतायत."

"मग? उजवीकडे रस्ता चांगला आहे."

"हो का," म्हणाले.

परत येताना मागे बसलेच नाहीत. मागे मळमळतं म्हणे. माझ्या शेजारी डावीकडे पट्टा लावून बसले. हात सांभाळायला मागे आडवं होणंच बरं, असं सिस्टर सांगते, ते सांगून पाहिलं. ऐकतील तर मास्तर कसले.

११ मार्च, बुधवार

खांबाने डावा आरसा मुडपला! माझ्या गाडीला पहिला ओरखडा. घरी येऊन तो बघितला आणि मला रडूच कोसळलं. टिंगी वाजली होती, नाही असं नाही, पण मी बघेपर्यंत खांब हजर. शंभर टक्के त्या विजेवाल्या लोकांनी खांब रस्त्यात पुढे सरकवलाय. हे म्हणतात, "अगं, सिमेंटचा खांब कोण सरकवतं?" म्हणजे आता नवराही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

जावईबापूंना विचारून टिंगीतलं अंतर वाढवलं. आता पॉइंट बराच लांब असतानाच वाजेल.

यांचंही वय होत चाललंय. पूर्वी माझा चहा कायम डाव्या हाताला ठेवायचे. मागच्या आठवड्यात माझ्याच हाताने दोन कप फुटले, तेव्हापासून ठेवतात उजवीकडे. ताट उजवीकडे, चष्मा उजवीकडे. जेवताना स्वतःची खुर्चीही फिरवून माझ्या उजवीकडे आणलीय. का म्हणून विचारलं तर म्हणतात, इथे वारा लागतो. पंखा दुसरीकडे आहे! म्हाताऱ्या माणसाला किती टोकायचं?

१६ मार्च, सोमवार

मास्तरांना बडबडीची सवय लागली आहे. रस्त्यावर जे दिसेल ते बोलून दाखवतात.

"डावीकडून सायकल येतेय बरं."

"तो मुलगा चेंडूमागे निघालाय, डावीकडून. थांबतो का बघू. थांबला."

"पांढरी गाडी दार उघडतेय."

आधी गंमत वाटली. मग डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "मास्तर, रेडिओ लावू का?"

"कशाला? मी आहे ना," म्हणाले.

सिस्टरला बाजूला घेऊन विचारलं. रक्तात घाण साठली की काही जण असे बोलत सुटतात, म्हणाली. हा माणूस दोन वाक्यांच्या वर कधी बोलायचा नाही. आता मी चिडायचं नाही असं ठरवलंय. बोलू दे. "हो का मास्तर, बरं झालं सांगितलंत," असं म्हणायचं. आज तसं म्हटलं तर त्यांना किती बरं वाटलेलं दिसलं!

एक मात्र खरं, हल्ली ते बरोबर असले की दचके कमी बसतात. बोलण्याने मन रमतं, त्याचा परिणाम असेल.

२० मार्च, शुक्रवार

आज घरात रणकंदन झालं. लेक आणि जावई दोघं आले. लॅपटॉप उघडून जावईबापूंनी माझे सगळे दचके नकाशावर दाखवले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "आई, रागावू नका. हे खांब, फाटकं, गल्ल्या... हे रस्त्यावर दिसतंच ना? घंटा कशाला लागते?"

जावई मला हे विचारतो!

लेक म्हणाली, "आई, डोळे दाखवून ये."

"गेल्याच महिन्यात दाखवले! चष्म्याच्या दुकानात सगळ्यात खालची ओळ वाचली मी. त्या पोराने नंबर बदलायचीसुद्धा गरज नाही म्हणून सांगितलं. सुईत दोरा ओवून दाखवू का? आण सुई!"

आणली कुणी नाही, पण मी उठून आणली आणि सगळ्यांसमोर एका झटक्यात दोरा ओवला. हे खिडकीबाहेर बघत होते. लेकीच्या डोळ्यांत पाणी. म्हणे, चष्म्याचं दुकान वेगळं आणि डॉक्टर वेगळा. थंडीत एकदा डोकं ठणकून उलट्या झाल्या आणि मी दिवसभर झोपून राहिले, तेव्हापासून मी बदललेय म्हणे. पित्त झालं होतं! पित्त कुणाला होत नाही?

शेवटी तिच्या समाधानासाठी डॉक्टरकडे जायचं कबूल केलं, पुढच्या शनिवारी. तोवर गाडी चालवू नकोस म्हणाली. मग मास्तरांना कोण नेणार? एजन्सीचा दुसरा ड्रायव्हर त्यांना दवाखान्याच्या दारात सोडून पळतो, आत कोण नेऊन बसवणार? मी नाही थांबायची.

दोघं न जेवता गेले.

२२ मार्च, रविवार

आता मला कुणाच्या जावयाची गरज नाही. या आठवड्यातल्या नव्या जागांची फाइल मी स्वतः केली! आधी रेखांश, मग अक्षांश, मग नाव. वायर लावली, बटण दाबलं, 'पॉइंट भरून झाले' असं पडद्यावर आलं. यांना हाक मारून दाखवलं. "वा," म्हणाले, पण चेहरा पडलेलाच.

"अहो, नीट कौतुक तरी करा!"

"उद्या मीपण येऊ का गाडीत?" म्हणाले.

"मास्तर बसतात पुढे. तुम्ही कुठे बसणार?"

"मास्तर पुढे बसतात?" यांनी सुस्कारा सोडला. "मग ठीक आहे."

काय ठीक आहे, देव जाणे.

२४ मार्च, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

जाताना सगळं नेहमीसारखं होतं. मास्तरांची बडबड चालू होती, त्या नादात टिंगी वाजते की नाही याकडे माझं लक्षच नव्हतं. डायलिसिस झाल्यावर त्यांचा रक्तदाब खाली गेला, पार पिळून निघाल्यासारखे झाले. गाडीत बसल्या बसल्या डोकं काचेला टेकवून झोपले.

आणि गाडीत शांतता. फळवाला वाजला नाही. शाळा वाजली नाही. अर्ध्या वाटेत मला ते जाणवलं. घंटा नाही, मास्तर नाहीत, आणि समोरचा रस्ता अगदी मोकळा दिसतोय. त्या मोकळेपणाचीच भीती वाटली. इतक्यात बॉनेटवर धाडकन थाप पडली. एक बाई बाबागाडी मागे ओढत किंचाळत होती. ती कुठून आली? मी शपथेवर सांगते, ती तिथे नव्हती! पाय ब्रेकवर कसा गेला माझं मला ठाऊक नाही. बाळ झोपलेलंच होतं. मास्तरही.

त्यानंतर सावकाश, अगदी सावकाश चालवत मास्तरांच्या घरापर्यंत आले. ते जागे झाले, "आलं का घर?" म्हणाले. उतरले, काठी टेकत पुढे फाटकाकडे गेले. मी मोठा श्वास घेतला आणि टिंगीची यादी उघडली. त्यात फक्त रविवारी भरलेले पॉइंट. जुना एकही नाही! नवी फाइल भरली की आधीची पुसली जाते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला इतका संताप आला की तशीच तणतणत गिअर टाकला आणि निघाले.

ठप्प झालं. पिशवी पडल्यासारखं.

डावा आरसा मुडपलेला दिसला. वाटलं, झालं, आणखी एक खांब. तेवढ्यात खालून आवाज आला, "सारथीबाई, थांबा."

त्यांचा डबा सीटवर राहिला होता. तो घ्यायला परत फिरले होते. गाडीच्या डाव्या बाजूने येऊन काच वाजवायला हात पुढे केला होता. डावा हात.

रस्त्यावर बसले होते ते. बाही लाल होत चालली होती. मी माझा स्वेटर काढून त्या जागेवर दाबला आणि ओरडले, किती ओरडले मला आठवत नाही. शेजारच्या घरातला माणूस धावत आला, त्याने माझीच गाडी चालवली. मी मागे मास्तरांचा हात दोन्ही हातांनी दाबून बसले होते. मास्तरच मला म्हणत होते, "घाबरू नका, दाबून धरा, तसंच." दवाखाना येईपर्यंत रक्त थांबलं.

पण माझ्या बोटांखाली काहीच गुरगुरत नव्हतं.

२५ मार्च, बुधवार

शीर बंद पडली. डॉक्टरांनी रात्री उघडून पाहिली, उपयोग झाला नाही. आता मानेत नळी घातली आहे, तीतून डायलिसिस करणार. नळी फार दिवस ठेवता येत नाही, जंतू जातात आत. पुढे उजव्या हातात नवी शीर जोडतील. ती जमेल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले. मी दारातून पाहिलं. मानेला पट्टी, डोळे मिटलेले. आत जायचं धाडस झालं नाही.

एजन्सीच्या साहेबांनी माझं काम बंद केलं. त्यांचं चुकलं नाही.

जावईबापूंचा फोन आला. मी म्हटलं, "तुम्ही सांगायला हवं होतं मला. जुने पॉइंट पुसले गेले म्हणून झालं हे सगळं. ते असते तर टिंगी वाजली असती."

ते म्हणाले, "आई, मास्तरांच्या फाटकाचा पॉइंट होता का?"

"नव्हता. तिथे मी कधी दचकले नाही."

"मग तिथे काय वाजलं असतं? आणि मास्तरांचा पॉइंट कसा करणार होतो आपण?"

मी फोन ठेवला. म्हणजे हातातून पडलाच.

२८ मार्च, शनिवार

देवा.

जे झालं ते झालं तसंच लिहिते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. एका पांढऱ्या घुमटात डोकं घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, कुठे बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. मी दाबत होते. मग दिवे लागेनासेच झाले. बराच वेळ वाट पाहून मी म्हटलं, "तुमच्या यंत्राचे बल्ब गेलेत वाटतं. डावीकडे काही लागतच नाही."

"लागतायत," बाई म्हणाल्या.

"नाही हो. मला यंत्रांची सवय आहे. बघून घ्या एकदा."

त्यांनी घुमट बाजूला केला, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघत राहा. तुमच्यासोबत आज कोण आलंय?"

"आमचे हे. बाहेर बसलेत."

"नक्की बाहेर?"

"हो. आत मी एकटीच आले ना."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डावीकडे बघून मान हलवली. आणि मग माझ्या डाव्या हातावर कुणीतरी हात ठेवला. मी किंचाळले. मान वळवली तर हे! माझ्या शेजारच्या खुर्चीवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. मगाचपासून तिथेच बसले होते. माझी पर्स मांडीवर घेऊन. रडत होते.

"किती वेळ?" मी विचारलं.

"मी आलोच तुझ्याबरोबर," हे म्हणाले. "पहिल्यापासून."

डोळे ठणठणीत आहेत म्हणे माझे. थंडीत जे डोकं दुखलं ते पित्त नव्हतं. मेंदूत मागच्या बाजूला एक बारीक शीर बंद पडली. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं जे दिसतं, ते त्यानंतर आत पोचतच नाही. काळं दिसलं असतं तर कळलं असतं. पण तिथे काळंही दिसत नाही. तिथे काही नाही, हेच कळत नाही माणसाला. कागदावर काढून दिलंय, अर्धा गोल पांढरा आणि अर्धा काळा. गाडी कायमची बंद.

म्हणजे स्कूटर गल्लीतूनच आली होती. खांब जिथल्या तिथे होता. बाबागाडीवाली बाई अर्धा रस्ता चालत आली होती. त्या सगळ्या जागांत दचकण्यासारखं काहीच नव्हतं. आणि चहा उजवीकडे ठेवणाऱ्या माणसाला मी म्हातारा म्हटलं, या वहीत, माझ्या हाताने.

४ एप्रिल, शनिवार

मास्तरांना भेटले. तोंड दाखवायची लाज वाटत होती, हे बळेच घेऊन गेले. मास्तर उशीला टेकून बसले होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो बघितला, घडी घातली आणि परत दिला.

"ठाऊक होतं मला," म्हणाले.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "काय ठाऊक होतं?"

"घंटेच्या दिवशी कळलं. सगळ्या खुणा एकाच बाजूला. हे गणित काही फार अवघड नव्हतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?" माझा आवाज इतका चढला की बाहेरची सिस्टर डोकावली. "मास्तर, मी कुणाला तरी मारलं असतं! त्या बाळाला मारलं असतं! तुम्हाला..."

"हो," म्हणाले. "सांगायला हवं होतं. त्याच दिवशी. माझा स्वार्थ आडवा आला." मग बराच वेळ पांघरुणाच्या कडेशी चाळा करत होते. "आधीचा ड्रायव्हर मला पोत्यासारखा उतरवून जायचा. तुम्ही आत येता, सिस्टरशी भांडता, मला खिडकीजवळचा पलंग मिळवून देता. चार तास खाली थांबता. तुमची गाडी गेली तर माझं ते सगळं जाणार होतं. मग म्हटलं, अर्धा रस्ता आपण बघू. दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतोच की." आणि थोडं थांबून, "त्या दिवशी झोप लागली हो मला. फार थकलो होतो."

मी त्यांच्यावर चिडले होते, अजूनही चिडले आहे. रडायलाही येत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते सुचेना, म्हणून त्यांच्या पांघरुणाची घडी नीट करत बसले.

१९ एप्रिल, रविवार

मास्तरांच्या उजव्या हातात नवी शीर जोडली. भरायला दोन महिने तरी लागतील. नर्सने मला बोट लावू दिलं. अजून काही लागत नाही. वेळ लागतो म्हणाली. मी विचारलं, "आणि नाहीच गुरगुरली तर?" ती दुसऱ्या पलंगाकडे गेली.

८ मे, शुक्रवार

माझी गाडी आता एजन्सीचा नवा ड्रायव्हर चालवतो. पोरगेला आहे, पण हात चांगला आहे. मी मास्तरांबरोबर जाते, सोबत म्हणून. त्यांना आत नेऊन बसवायचं, सिस्टरशी भांडायचं, चार तास थांबायचं. तेवढं अजून येतं मला. मागच्या सीटवर आम्ही दोघं बसतो. मास्तर मुद्दाम माझ्या डावीकडे बसतात.

जावईबापूंनी परवा जुने पॉइंट टिंगीत परत भरून दिले होते, माझं मन राखायला. आज फळवाल्याच्या आधी ती वाजली तशी ड्रायव्हर दचकला. मग शाळेला वाजली. हिरव्या दाराच्या गल्लीला वाजली. शेवटी त्याने विचारलं, "ताई, ही घंटा कशाची? इथे तर काहीच नाही, सगळं दिसतंय."

"पुसून टाक," मी म्हटलं. "सगळे पुसून टाक."

त्याने सिग्नलला गाडी थांबली तेव्हा पुसून टाकले. दोन बटणं दाबली, झालं.

मास्तरांनी उजवा हात मांडीवर सांभाळून ठेवला होता. मी समोर बघत होते. रस्ता मोकळा, ऊन छान, माझ्या डाव्या अंगाला अगदी काहीच नाही.

"डावीकडून सायकल येतेय बरं," मास्तर म्हणाले. सवयीने.

मी मान वळवली. आधी वळवायचे तेवढी नाही, पार खांद्यापर्यंत, मास्तरांच्याही पलीकडे. होती. हातभर अंतरावर, आमच्या बरोबरीने. सायकलवर एक बाई, हँडलला भाजीची पिशवी, पुढे बास्केटमध्ये पाय हलवत बसलेलं एक मूल. मूल माझ्याकडेच बघत होतं. केव्हापासून बघत होतं कोण जाणे.